निरंक

एकतीस वर्षं मी गाड्या पाहिल्या त्या मोडल्यावर.
सोनगीरच्या पुढे, पारोळा चौफुलीला,
ट्रकच्या पोटात शिरलेल्या, नाल्यात उताण्या,
सीटखाली कुणाची चप्पल, कुणाचा डबा.
डायरीत लिहायचं: बॉनेट, बदलणे. दार डावे, ठोकून सरळ.
विम्याच्या फॉर्मवर माणसांचा रकाना नव्हता.

आणि आज ही उभी आहे, अजून काहीच न झालेली.
लांबट, बुटकी, मागे पेटीसारखी,
रंग पिकल्या जांभळाचा.
कल्पेश गुजर, शहाद्याचा पोरगा, टाय घामानं ओला,
सांगतो, "काका, फॅमिलीची आहे, पण स्पोर्टी."
मी फेंडरवर बोटाच्या पेरानं टकटक करतो,
कलिंगड घेताना करतात तशी.
पत्रा कुठे दुमडेल ते मला आधी दिसतं,
गाडी नंतर.

लळिंगचा घाट. शर्वरी चालवते.
"धरून बसा हं बाबा," म्हणाली आणि पाय दाबला.
मान मागे, किल्ला एकदम अंगावर,
माझा उजवा पाय तळाशी
नसलेला ब्रेक शोधत राहिला.
आवाज नाही. गिअर नाही. फक्त पोटात खड्डा,
एकवीरेच्या जत्रेत पाळणा वरून खाली येताना पडतो तो.
मागून ही म्हणाली,
"व्हय माय! बोंबलत नही, काही नही.
भूक लागनी तं सांगी कशी?"
कल्पेशनं पडदा दाखवला: बहात्तर टक्के.
मी विचारलं, मे महिन्यात? पंचेचाळीसच्या उन्हात?
एसी चालू, माणसं पाच, वर भरताच्या वांग्यांची गोणी?
तो हसला.
हसण्याची मी नोंद केली.

परतताना मीच वळवायला लावली न्याहळोदकडे.
पांझरेच्या फडाला पाट फुटलेला,
काळी माती अशी की पाय ठेवला तर चप्पल ठेवून घेते.
"इथे?"
इथेच.
पुढचं चाक जागच्या जागी फिरलं, मागचं बसलं,
आणि मग काहीतरी झालं
जे बॉनेट उघडूनही मला दिसलं नसतं:
पाटकरी वाफ्यावाफ्याला पाणी सोडतो
तसं आतलं कुणीतरी ताकद वाटत होतं,
याला थोडी, त्याला जास्त, तुझी पाळी नंतर.
गाडी निघाली.
बांधावरच्या माणसाची बिडी ओठातच विझली.

"चारी चाकं ओढतस का भो?"
"हो काकू, चारही."
"घरमा तं एकच ओढस."
शर्वरीनं आरशात पाहिलं.
मी कपाशीकडे.

डिकी: जुळ्यांची ढकलगाडी, पाण्याचा जार, दोन गोण्या. मावतात.
मागची काच: लहान.
सस्पेन्शन: कडक. देवपुरातले सगळे गतिरोधक पाठीला मोजता येतात.
चार्जिंग: सोसायटीचे बागूल सेक्रेटरी
मीटरचं नाव काढलं की अजून उठून जातात.
किंमत: एवढ्यात एके काळी दोन गाळे आले असते.
वळणावरची पकड: यावर माझ्याकडे बोलायला काही नाही,
आणि असं मी सहसा लिहीत नाही.

शोरूमला आलो.
गाडी बंद झाली की नाही तेच कळेना.
त्या शांततेत ऐकू आलं:
बुटक्या सीटवरून ही उठताना
आधी डावा गुडघा, मग उजवा,
तुरीची वाळली काटकी मोडावी तसे.
इतकी वर्षं डिझेलच्या घरघरीखाली
हा आवाज होता?
"कधीपासून?" मी विचारलं.
"गाडी देखाले उनात ना? मंग गाडी देखा."

नुकसानीच्या रकान्यात मी लिहिलं, निरंक.
मग टेप काढली
आणि जमिनीपासून सीटची उंची
परत एकदा मोजायला वाकलो.